शेजारचा मुलगा आणि सोसायटीचा ग्रुप

पत्र

ताई, नमस्कार. मी ६३ वर्षांचा, एसटीतून निवृत्त झालेला माणूस. राहायला कराडात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा फौजेत आहे. त्याचे वडील आणि मी एकाच डेपोत नोकरीला होतो. ते अचानक गेले तेव्हा पोरगा बारावीत होता. कोल्हापूरच्या भरतीला पहाटेच्या गाडीने त्याला घेऊन गेलो तो मीच.

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला ऊत आला. ८ तारखेच्या रात्री कराची बंदर बेचिराख झाल्याचे मेसेज. लाहोर घ्या, इस्लामाबाद घ्या. १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं, तशी हीच मंडळी चिडली, थांबलात कशाला म्हणून. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘वहिनींचा मुलगा अमुक सेक्टरला पुढच्या चौकीवर आहे. त्याच्या जिवावर तुम्हाला लाहोर पाहिजे का? आणि पहलगामला २६ माणसं मारली गेली तेव्हा तिथे बंदोबस्त का नव्हता, हे कोण विचारणार?’

पाच मिनिटांत मी देशद्रोही झालो. सेक्रेटरींनी ग्रुपमधून काढलं. त्याचं मला काही वाटत नाही. पण वहिनी तेव्हापासून बोलत नाहीत. जिन्यात दिसल्या की मान खाली घालून जातात. मुलगा गणपतीला सुट्टीवर येतोय. मी चुकलो का? साध्या माणसाने लढाईबद्दल बोलूच नये का? आणि त्या पोराला तोंड कसं दाखवू?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मी सरळ तुमच्या बाजूची होते. दुसऱ्या वेळी एका शब्दावर अडकले. तुम्ही सेक्टरचं नाव लिहिलंय. वर छापताना ते मी गाळून ‘अमुक’ केलंय, पण तुमच्या मूळ मेसेजमध्ये ते होतं, आणि चौकी ‘पुढची’ आहे हेही होतं.

गंमत बघा, तुम्हाला देशद्रोही म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ते खटकलं नाही. त्या ग्रुपवर कोण कोण असेल? फ्लॅटमालक, त्यांचे भाडेकरू, पुण्याला गेलेला कुणाचा मुलगा, सोडून गेलेले पण ग्रुपमधून न निघालेले दोन-चार. त्यातल्या एकाने तुमच्या मेसेजचा फोटो काढून ‘बघा आमच्याकडचे नमुने’ म्हणून पुढे पाठवला असेल, तर तो आता कुठे फिरतोय हे तुम्हाला, मला कुणालाच सांगता यायचं नाही. त्याच दिवसांत केंद्र सरकारने वाहिन्यांना बजावून सांगितलं होतं, फौजेच्या हालचालींचं थेट चित्रण करू नका. आपण वाहिनी नाही, म्हणून ते आपल्याला लागू नाही, अशी आपली सगळ्यांची समजूत.

फौजीच्या घरात मुलगा कुठे आहे याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘वर आहे.’ बस. फार खोदून विचारलं तर ‘फील्डला आहे’. पत्त्यावरसुद्धा गावाचं नाव नसतं, ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपालघर, असतं. वहिनींनी ते ठिकाण तुम्हाला सांगितलं असेल तर ते नवऱ्याचा जुना सोबती म्हणून, पोराला भरतीला नेणारा माणूस म्हणून. कदाचित जिन्यातच, भाजीची पिशवी हातात घेऊन, हळू आवाजात सांगितलं असेल. आणि तुम्ही ते चारचौघांत मांडलंत. माझ्या अंदाजाने वहिनींची मान त्यासाठी खाली जाते. तुमचं मत त्यांना पटलं की नाही, हा नंतरचा भाग. मतावरून बाया इतके दिवस अबोला धरत नाहीत, निदान सैनिकाच्या आया तरी नाही. त्यांना तेवढी उसंत नसते.

दुसरं त्याहून नाजूक आहे. ग्रुपवरचे लोक त्या मुलाचं नाव न घेता त्याच्या जिवावर गर्जत होते. तुम्ही त्याचं नाव घेऊन त्यांना गप्प करायला गेलात. तुमचा हेतू चांगला होता, मला शंका नाही. पण त्या मुलाला विचारलं होतं का कुणी? त्याला कदाचित लाहोर हवंही असेल, कोण जाणे! २२-२३ वर्षांचा मुलगा चौकीवर उभा असतो तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, ते तुम्हालाही माहीत नाही आणि सेक्रेटरींनाही नाही.

हे मी कुठून बोलते ते सांगते. माझा थोरला भाऊ १९९९ला कारगिलच्या वेळी वर होता. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. मे-जूनचे दिवस, विहिरी आटलेल्या, पाण्याला टँकर. भावाचं निळं आंतर्देशीय पत्र यायचं ते पंधरा दिवसांपूर्वीचं, त्यात ‘मी खुशाल आहे, इकडे गारवा आहे’ एवढंच. गारवा! एके दुपारी तहसीलची जीप आमच्या आळीकडे वळली. आई ओट्यावर कांदा चिरत बसली होती. तिने विळी बाजूला सारली, हात लुगड्याला पुसले आणि उठून उभी राहिली. काही बोलली नाही. जीप आमच्या दारावरून पुढे गेली. साहेब टँकरच्या खेपा मोजायला आले होते. आई परत बसली आणि उरलेला कांदा चिरला. त्या रात्री ती जेवली नाही, इतकंच मला आठवतं.

त्याच काळात पारावर रोज संध्याकाळी लढाई चालायची. कुणी टायगर हिल घ्यायचं, कुणी थेट रावळपिंडी. त्यात वाईट माणसं नव्हती. आमच्या शेताला पाळीचं पाणी देणारे, आईला दवाखान्यात नेणारे तेच. पण आई त्या वाटेने जायची नाही, लांबून वळसा घालायची. मी तेव्हा कॉलेजात, मला वाटायचं तिला त्यांचा राग येतो. पुढे एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘राग कसला, त्यांना घरी जाऊन झोप लागते.’

भाऊ ऑगस्टच्या शेवटी सुट्टीवर आला. तुम्हाला आठवत असेल, एप्रिलमध्ये एका मताने सरकार पडलं होतं, लढाई झाली ती काळजीवाहू सरकारच्या काळात, आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लोकसभा-विधानसभा दोन्ही एकदम. म्हणजे प्रचाराची ऐन धामधूम. एका पुढाऱ्याने त्याला सभेला नेलं, फेटा बांधला, व्यासपीठावर बसवला आणि माईक हातात दिला. तो म्हणाला, ‘थंडी लई होती. बूट जरा बरे पायजेत.’ आणि खाली बसला. टाळ्या पडल्या, पण पुढारी मनातून खट्टू झालेला सगळ्यांना दिसला. घरी आल्यावर भाऊ बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसला. उजव्या पायाच्या करंगळीला त्याला अजूनही स्पर्श कळत नाही. चिमटा काढला तरी हसतो.

बूट बरे पाहिजेत, हा प्रश्न होता. सरकारला विचारलेला, सैनिकाने विचारलेला, आणि भर सभेत. त्याला कुणी देशद्रोही म्हणालं नाही, कारण त्याच्या डोक्यावर फेटा होता. तोच प्रश्न तुमच्यासारख्याने विचारला असता तर? म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. साध्या माणसाने बोलावं का.

बोलावं. तुम्ही कराडचे, सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जात असालच. तिथे ज्यांची समाधी आहे ते यशवंतराव चव्हाण दिल्लीला कसे गेले? आपण ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणून मोकळे होतो. पण सह्याद्रीला हाक गेली ती आधी कुणीतरी प्रश्न विचारले म्हणून. १९६२चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. चीनचं सैन्य आत घुसलेलं. संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी केली, आणि नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावलं. लढाई तेव्हा संपलेली नव्हती. भर लढाईत पंतप्रधानांसमोर खासदार उभे राहून विचारत होते, तयारी का नव्हती, जवानांकडे गरम कपडे का नव्हते. अधिवेशन भरण्याआधीच पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षातूनही संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आवाज उठला होता आणि त्यांना जावं लागलं होतं. त्या जागी यशवंतराव आले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, पराभवाच्या चौकशीत काय आढळलं त्याचा गोषवारा त्यांनीच लोकसभेत मांडला. मूळ अहवाल सरकारने अजूनही खुला केलेला नाही, हा भाग वेगळा आणि माझ्या मते चुकीचा. त्या प्रश्नांनी फौज खचली का? तीन वर्षांनी, १९६५ला, तीच फौज याच संरक्षणमंत्र्यांच्या हाताखाली लढली.

कारगिलचंही तसंच. २६ जुलैला विजय जाहीर झाला, आणि २९ जुलैला सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, घुसखोरी आपल्याला आधी का कळली नाही हे शोधायला. ५२७ जवान गेले होते. वाजपेयींचं सरकार जिंकलेलं होतं, समिती नेमली नसती तरी मतं मिळालीच असती.

आता आपल्या मे महिन्याचं बघा. ‘पहलगामला बंदोबस्त का नव्हता’ हे विचारलं म्हणून तुम्हाला १० तारखेला ग्रुपमधून काढलं. जुलैमध्ये जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल स्वतःच म्हणाले की ती सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी माझी. ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुखांनी आपली विमानं पडल्याचं मान्य केलं, आणि किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचं, असंही म्हणाले. म्हणजे गणवेशातला सगळ्यात वरचा माणूस ‘का’ विचारतो, आणि आपल्या जिन्यात ‘का’ विचारलं की गद्दार. जुलैच्या अखेरीस संसदेत या विषयावर दोन्ही सभागृहांत तासन्‌तास चर्चा झाली. तुमच्या सेक्रेटरींनी ती टीव्हीवर पाहिली असेल, तर त्यांना तुमचा पहलगामचा प्रश्न तिथे ऐकू आला असेल.

म्हणून म्हणते, प्रश्न चुकीचा नव्हता. ‘कुठे’ आणि ‘किती’ हे लढाई चालू असताना आपण विचारायचं नाही आणि माहीत असलं तरी सांगायचं नाही. ‘का’ आणि ‘कुणी ठरवलं’ हे मात्र विचारायचं, त्याला मुहूर्त लागत नाही. तुमच्या मेसेजमध्ये दोन्ही एकाच दमात आलं.

लोकांच्या रागाबद्दलही एक शब्द. पहलगामला गेलेल्या २६ जणांत आपल्या महाराष्ट्राचे सहा होते, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचा एक. बायकामुलांसमोर मारलं. त्याचा राग येणार नाही तो माणूस कसला. आणि सरकारने काहीच करू नये असं मीही म्हणणार नाही, फौजीची बहीण आहे. पण राग आणि तमाशा यातला फरक त्या तीन-चार रात्रींत पुसला गेला. कराची बंदर जसंच्या तसं होतं. जिथे खरोखर तोफगोळे पडत होते तिथे, पूंछमध्ये, साधी माणसं घरात बसल्या जागी मेली, लहान मुलंही त्यात होती. त्यांच्याविषयी तुमच्या ग्रुपवर किती मेसेज आले?

आणखी एक गोष्ट मला अजून सलते. पहलगामला मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याची पत्नी, लग्नाला आठवडाही झाला नव्हता तिच्या. तिचा नवऱ्याशेजारी बसलेला फोटो साऱ्या देशाने पाहिला, डीपीला लावला. काही दिवसांनी ती म्हणाली, आम्हाला न्याय हवा, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका. त्यासरशी त्याच लोकांनी तिला नको नको ते लिहिलं, राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावं लागलं. गोळीबार थांबल्याचं सांगायला कॅमेऱ्यासमोर आलेल्या परराष्ट्र सचिवांनाही सोडलं नाही, त्यांच्या मुलीलाही नाही. तुमचे सेक्रेटरी त्या मानाने सौम्यच म्हणायचे.

ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून अर्ज करू नका. पाण्याच्या टाकीची वेळ आणि मेंटेनन्सची तारीख नोटीस बोर्डावर असते. मतं मांडायचीच असतील तर ती जिथे पोचतील तिथे मांडा. खासदाराला साधं पत्र लिहिता येतं. आणि विचारायला विषय थोडे नाहीत. तो मुलगा अग्निवीर आहे की जुन्या पद्धतीने भरती झालेला, ते तुम्ही लिहिलं नाही. वय बघता अग्निवीरच असावा. तसं असेल तर चार वर्षांनी त्यांच्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात, बाकीचे घरी येतात. पेन्शन नाही. देव न करो, पण काही बरंवाईट झालं तर विम्याची आणि सानुग्रह अनुदानाची रक्कम मोठी मिळते, कायमच्या जवानाच्या घरच्यांना मिळते तशी कुटुंब पेन्शन मात्र नाही. हे बरोबर की चूक यावर दोन मतं असतील, फौजेतल्या माणसांतही आहेत. पण लाहोर मागणाऱ्या सोसायटीला, वरच्या मजल्यावरच्या पोराला पुढे काय, हे ठाऊक तरी असावं. तुमच्या कराडात दर डिसेंबरला विजय दिवस होतो, जवानांच्या कसरती बघायला गर्दी लोटते, पोराबाळांना खांद्यावर घेऊन लोक उभे असतात. छान असतो, मी एकदा आले होते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीची पावती फाडायला मात्र हात खिशात जायला वेळ लागतो. (आमच्याकडेही हेच, तुम्हाला एकट्याला बोलत नाही.)

आता वहिनी.

माफी मागा. कशाची, ते नीट ठरवून जा. मत मांडल्याची नाही. ‘तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी ग्रुपवर लिहिलं आणि पोराचं नाव भांडणात ओढलं, ते चुकलं,’ एवढंच म्हणा आणि थांबा. ‘पण माझं म्हणणं असं होतं की’ हे वाक्य घरी ठेवून जा. त्या काही बोलल्या नाहीत तर नाही. चहा ठेवला तर प्या. सोबत सेक्रेटरी कसा वागला ते पुराण नको, त्यांना त्याच इमारतीत एकटीने राहायचंय, पाणी नाही आलं तर त्याच माणसाला फोन करायचाय.

आणि मुलगा येण्याआधी जा. तो आल्यावर त्याच्यासमोर नको, नाहीतर त्याच्या सुट्टीतला एक दिवस तुमची समजूत काढण्यात जाईल.

तो आला की तुम्ही काका आहात तसेच राहा. स्टँडवर घ्यायला जा, एसटीवाल्याला गाडी कधी लागते ते सांगायला नको. त्याची काळी पत्र्याची ट्रंक असेल तर एक कडी तुम्ही धरा. लढाईचं विचारू नका. सोसायटीच्या आरतीला मंडळी त्याला पुढे ओढतील, सत्कार करतील, शाल घालतील, कुणी हळूच विचारेल ‘काय रे, खरं काय झालं तिकडे?’ तो तुमच्याकडे बघेल. तेव्हा ‘अरे चल, वर आई वाट बघत्येय जेवायला’ म्हणून त्याला बाहेर काढायचं काम तुमचं. माझ्या भावाला त्या सभेतून कुणी असं काढलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या सकाळी त्याला प्रीतिसंगमावर घेऊन जा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर कृष्णा-कोयनेचं पाणी बघत बसा, भाद्रपदात ते बघण्यासारखं असतं. आणि ग्रुपवरचा तो मेसेज त्याच्यापर्यंत पोचला असेल, तो विचारेल, तर खरं सांगा. पोरं तेवढं समजून घेतात.

वहिनींकडे जाताना एक करा. आधी फोन करून सांगा, दहाच्या सुमाराला येतो म्हणून. न सांगता, अवेळी त्या घराची बेल वाजवू नका.